कडेची पट्टी

३ फेब्रुवारी

मास्तरांनी ही वही दिली. भट्टीच्या नोंदींची जुनी वही आहे. पुढची अकरा पानं भरलेली होती, ती त्यांनी फाडून घेतली आणि म्हणाले, "बोलकी, बोलायला जमत नाही ना, मग लिही. रोज जे दिसलं ते लिहायचं. वाटलं काय ते नंतर. आधी दिसलं काय ते."

मी बोलत नाही म्हणून ते मला बोलकी म्हणतात. आता कारखान्यात सगळेच म्हणतात. मला राग येत नाही. शाळेत याहून वाईट नावं होती. नववीत बाईंनी उभं राहून धडा वाचायला सांगितला की माझ्या तोंडातून पहिलं अक्षरच निघायचं नाही. सगळा वर्ग वाट बघायचा. मग हसायचा. मग आईचा दम्याचा आजार वाढला आणि मी घरी बसले ती बसलेच. मागच्या वर्षी दादानं इथं चिकटवलं. दादा इथंच भट्टीवर आहे.

मास्तर शाळेतले नाहीत, आमच्या लॅबचे आहेत. लॅब म्हणजे खोली एक, खिडकी एक, मायक्रोस्कोप एक आणि आम्ही दोघं.

आज दिसलं ते: मास्तर थर्मासमधून चहा ओतत होते तेव्हा कपाच्या आत बोट घालून, काठाशी धरून बसले होते. चहा बोटाला लागला तेव्हा थांबले. भाजत नाही का यांना?

६ फेब्रुवारी

आज मास्तर म्हणाले, आपण काय काम करतो ते लिही, एखाद्या न कळणाऱ्याला सांगतेस असं. तर लिहिते.

आमच्याकडे बाहेरून गिअर येतात, शाफ्ट येतात. ते भट्टीत रचतात, झाकण लावतात आणि आत अमोनिया सोडतात. भट्टी दोन-दोन दिवस चालते. अमोनियातला नायट्रोजन पोलादाच्या कातडीत मुरतो आणि कातडी इतकी कडक होते की कानस नुसती घसरते. पण भट्टीतून निघालेला गिअर वरून बघून काही कळत नाही. राखाडी दिसतो, बस. म्हणून प्रत्येक भट्टीत त्याच पोलादाचा एक छोटा तुकडा टाकतात. ते सॅम्पल. ते माझ्याकडे येतं.

मी ते कापते. काळी पावडर घालून प्रेसमध्ये दाबते, त्याचं कोटाच्या बटणाएवढं बटण होतं. मग पॉलिश पेपर, जाडापासून बारीक. प्रत्येक पेपरला तुकडा आडवा फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले का ते दिसतं. मग ओल्या मखमलीवर. तोंड दिसेल इतकं चकचकीत झालं की पाच सेकंद पातळ ॲसिडमध्ये धरायचं. चमक जाते. लगेच धुवायचं, वाळवायचं, भिंगाखाली.

मग दिसतं. अगदी कडेला पांढरा थर. सायीसारखा. ॲसिड त्याला काही करू शकत नाही म्हणून तो पांढराच राहतो. तो सगळ्यात कडक आणि सगळ्यात ठिसूळ. पंधरा मायक्रॉनच्या आत हवा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, भिंगात रेघा आखलेल्या आहेत त्या मोजायच्या. पंधराच्या वर गेला की मास्तर म्हणतात, "मग ते चिलखत नाही, खपली आहे. कधी पडेल सांगता येत नाही." त्याच्या खाली काळपट पट्टा, तिथं नायट्रोजन मुरलेला असतो. त्यात मधूनमधून बारीक पांढऱ्या रेघा, पापणीचे केस गळून पडल्यासारख्या. आणि त्याच्याही खाली आतलं पोलाद. त्याला बाहेर काय झालं त्याचा पत्ताच नसतो.

आणि कडेची पट्टी. हे मास्तरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. तुकडा नुसता बटणात घातला तर घासताना त्याची कड गोल होते, वापरलेल्या साबणासारखी. आणि आपल्याला बघायचा थर तर नेमका कडेलाच. कड गोल झाली की थर खाली घसरतो, धुरकट होतो, अर्धाच दिसतो. म्हणून तुकड्याला अगदी चिकटून दुसरी पोलादाची पट्टी लावायची, तारेनं आवळायची आणि मग बटण करायचं. पट्टी झिजते, कड वाचते. अर्धा तास जास्त जातो. पण मास्तरांचा हट्ट आहे, पट्टीशिवाय सॅम्पल नाही.

बघायचं मीच. मास्तर शेजारी स्टुलावर बसतात आणि विचारतात, "काय दिसतंय?" मी सांगते. "जाडी?" मी आकडा सांगते. ते रिपोर्टवर लिहितात, ठळक, मोठ्या अक्षरात. स्वतः हल्ली बघतच नाहीत. मला बोलायची सवय व्हावी म्हणून असं करतात, मला कळतं ते.

११ फेब्रुवारी

मॅनेजर दिवसातून तीनदा येऊन मनगटाकडे बघतो. मास्तर त्याला घड्याळ म्हणतात. आज तो येऊन गेल्यावर म्हणाले, "घड्याळ पाच मिनिटं पुढं आहे आज." मी इतकी हसले की ॲसिडची बाटली खाली ठेवावी लागली.

१८ फेब्रुवारी

आज कामावर गेले नाही. आईला सकाळपासून धाप. पंप दोनदा मारला, फरक नाही. साडेदहाला तिचे ओठ निळसर दिसायला लागले. शेजारच्या काकूंच्या फोनवरून दादाला फोन केला. मला बोलताच येईना. नुसतं "दादा" म्हटलं आणि पुढे काही नाही. तो म्हणाला, "आलो."

वीस मिनिटांत आला. अंगाला अमोनियाचा वास, डोळे लाल. आईला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात नळी लावली. दादा संध्याकाळी पाचपर्यंत तिच्या उशाशी बसून होता. मी विचारलं, भट्टी? तर म्हणाला, "भट्टी कुठं पळून जातेय? चालू आहे तशी चालतेय."

डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. बरं झालं दादा आला.

२० फेब्रुवारी

आई घरी आली. उशा लावून बसवलंय. बोलते थोडी.

कारखान्यात आज घाई होती. अठराच्या भट्टीतले गिअर जायचे होते. माल उचलायच्या हॉइस्टचे गिअर आहेत, गिऱ्हाईक मोठं आहे. गाडी सकाळपासून फाटकात. ड्रायव्हर लॅबच्या दारात येऊन उभा, "ताई, तुमचं ते बटण शिवून झालं का? माझ्या शर्टाचंही एक तुटलंय." दादा स्वतः सॅम्पल घेऊन आला. तो कधी येत नाही.

मी लावायला पट्टी हातात घेतली तर दादा म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे ना पट्टी. घड्याळ माझ्या डोक्यावर बसलंय. नुसतं बघ आणि आकडा दे."

मास्तर तेव्हा बाहेर नळावर होते. मी पट्टी लावली नाही.

भिंगाखाली कड जरा धुरकट होती. फोकस आतल्या बाजूला लागला की कड जायची, कडेला लावला की आतलं जायचं. पांढरा थर दिसला तेवढा मोजला. अकरा. मास्तर आले, म्हणाले, "काय दिसतंय?" मी सांगितलं. त्यांनी बटण हातात घेतलं आणि अंगठ्याचं नख त्यावरून फिरवत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "नक्की ना?"

"हो."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मास्तरांनी अकरा लिहिलं. सही कुठं करायची तिथं मी नेहमीसारखं बोट ठेवलं, बोटाच्या शेजारी त्यांनी सही केली.

थोडं धुरकट होतं, पण अकराच्या आसपासच असणार. दादाची भट्टी कधी बिघडत नाही.

१० मार्च

मास्तर आज खिडकीच्या उघड्या दारावर आपटले. कपाळाला टेंगूळ. म्हणाले, "हे दार रोज जागा बदलतं." मी हसले.

२६ मार्च

वाईट झालं. हॉइस्टच्या गिअरचे दात गेले. वजन खाली आलं. खाली एक माणूस होता.

गिअर परत आलाय, पोत्यात बांधून. मॅनेजर आज घड्याळ बघत नव्हता.

२७ मार्च

पोतं मी उघडलं. तीन दात मुळातून गेलेले. बाकीच्या दातांवर पापुद्रे सुटलेले, जुन्या भिंतीचा रंग सुटतो तसे. पापुद्रा नखावर घेतला तर काचेसारखा कडकन मोडला. मास्तर म्हणाले, "एक दात कापून घे. पट्टी लाव. नीट, सावकाश."

सावकाश केलं. माझ्या आजवरच्या कामातलं सगळ्यात चांगलं पॉलिश झालं. कड सुरीसारखी.

दिसलं ते: पांढरा थर. रेघा मोजल्या, परत मोजल्या. बत्तीस. वरच्या अर्ध्या भागात काळे ठिपके, पोळीला बारीक भोकं पडतात तशी. त्या भोकांच्या रांगेतून एक तडा कडेला समांतर निघालेला.

"काय दिसतंय?" मास्तर.

मी रेघा तिसऱ्यांदा मोजायला लागले.

"बोलकी. जाडी?"

"बारा," मी म्हटलं.

पहिल्यांदाच मास्तरांना खोटं सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. बत्तीस म्हटलं असतं तर लगेच सगळे भट्टीकडे गेले असते, आणि भट्टीवर दादा. एवढंच डोक्यात आलं.

त्यांनी पेन उचललं नाही. बटण मागितलं. नखानं कड चाचपली. "पॉलिश मस्त झालंय," म्हणाले.

२८ मार्च

आज ही वही मागं उलटून वाचली. अठरा तारीख वाचली. मग वीस. मग परत अठरा.

दादा जेवत होता. मी वही त्याच्यासमोर धरली. त्यानं वाचली आणि भाताचा हात तसाच राहिला.

"दुसऱ्या टप्प्याला गॅस कमी करायचा असतो, नाहीतर पांढरा थर वाढत जातो," हळू म्हणाला, आई आत होती म्हणून. "त्या दिवशी अकरा वाजता करायचा होता. तुझा फोन साडेदहाला आला."

"आणि नोंदवही?"

"परत गेल्यावर भरली. तासातासाचे आकडे. रोजचेच असतात, पाठ आहेत मला." मग म्हणाला, "तू काय सांगितलंस मास्तरांना?"

"बारा."

त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी लहान असताना ठेवायचा. मला तो हात नको होता.

आतून आई म्हणाली, "काय कुजबुजताय रे दोघं?" दादा म्हणाला, "काही नाही, तुझी चहाडी करतोय." ती हसली आणि तिला खोकला आला.

३१ मार्च

गिऱ्हाइकाचा माणूस उद्या येणार. मायक्रोस्कोपात तो स्वतः बघणार. मास्तरांनी दार लावलं आणि म्हणाले, "उद्या दुसरा कुणीतरी बघेल आणि सांगेल. त्याच्या आधी तू सांगितलंस तर बरं. मी ओरडणार नाही."

सांगितलं. बत्तीस, भोकं, तडा, सगळं. बोलताना आवाज फुटत होता. त्यांनी खण उघडायला सांगितलं. प्रत्येक सॅम्पल तिथं नंबर टाकून ठेवलेलं असतं. अठरा तारखेचं मी काढलं. ते बटण फोडलं, तुकडा बाहेर घेतला, नव्या ठिकाणी कापला, पट्टी लावली. एकतीस.

तेव्हा सांगायचं होतं की पहिल्या वेळी पट्टी मी लावली नव्हती. तोंड उघडलं होतं. पण ते म्हणाले, "आता हात धू आणि घरी जा," आणि मी गेले.

१ एप्रिल

कसं लिहू कळत नाही. दिसलं तेच लिहिते.

ऑफिसात मॅनेजर, गिऱ्हाइकाचा माणूस, मास्तर, दादा आणि मी. दादाच्या हातात नोंदवही. गिऱ्हाइकाचा माणूस वयानं लहानच, पण थकलेला. तो म्हणाला, "खाली होता तो माणूस पन्नाशीचा आहे. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मला त्याच्या घरी जाऊन काहीतरी सांगायचंय, म्हणून विचारतोय. बत्तीसचे अकरा कसे झाले?"

दादानं नोंदवही पुढे केली. मॅनेजरनं पानं उलटली, "आकडे तर बरोबर आहेत. गॅसचा व्हॉल्व्ह अडकला असेल." मी दादाकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

"मी विचारतोय तपासलं कुणी," तो माणूस म्हणाला.

माझ्या छातीत ते आलं, अगदी तोंडापर्यंत. पट्टी. एकच शब्द होता.

"मी," मास्तर म्हणाले. "म्हणजे तपासलं असं नाही. मला दिसत नाही."

मॅनेजर म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. मधोमध काळा डाग आहे, कडेकडेनं थोडं दिसतं. दोन वर्षं होतील. तुमचा चेहरा मला दिसत नाही साहेब, आवाजानं ओळखतो. रिपोर्टवर मी अंदाजानं आकडा टाकला. पोरीचा काही संबंध नाही. ती पॉलिश करते, बास."

घड्याळाचा आवाज येत होता. खरंच येत होता, मॅनेजरच्या मनगटावरच्या.

मग मॅनेजर ओरडायला लागला. दोन वर्षं? दोन वर्षं आम्हाला मूर्ख बनवलं? मास्तर उभे होते. मला चहा आठवला. बोट आठवलं. खिडकीचं दार. रोज सहीच्या जागेवर मी ठेवलेलं बोट. मला वाटायचं ते मला शिकवतायत.

दुपारी त्यांनी खणातली कात्री, त्यांचा कप आणि थर्मास पिशवीत घातला. दारापर्यंत सोळा पावलं आहेत. आज माझ्या लक्षात आलं, ते ओठातल्या ओठात मोजतात.

४ एप्रिल

दादा घरी लवकर येतो. आईसाठी डाळिंब आणलं. आई म्हणाली, "त्या दिवशी तू आलास म्हणून मी आहे." रोज म्हणते. दादा उठून बाहेर जातो.

१३ एप्रिल

रविवार. मास्तरांच्या घरी गेले. पत्ता ड्रायव्हरनं दिला. दुसरा मजला, जिन्याला कठडा एकाच बाजूला. मास्तरीणबाईंनी दार उघडलं. "बोलकी ना? ये ये. रोज तुझं नाव असतं. मला वाटलं होतं तू खूप बडबडी असशील."

मी दाराशी उभ्यानंच बोलायला लागले, कारण बसले असते तर राहिलं असतं. "मास्तर, पट्टी मी लावली नव्हती. पहिल्या वेळी. कड गोल होती. मला धुरकट दिसत होतं तरी मी अकरा सांगितलं. तुमचा काही दोष नाही. माझा आहे."

एवढं लांब मी आयुष्यात कुणासमोर बोलले नव्हते.

मास्तर म्हणाले, "माहीत आहे."

"काय?"

"नखाला कळलं होतं. त्याच दिवशी. कड गोल होती." त्यांनी अंगठा वर केला. "डोळे गेले तसं नख शहाणं झालं. मला त्याच मिनिटाला कळलं होतं की हे सॅम्पल बघण्यालायक नाही. परत कर म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर अजून तास गेला असता, घड्याळ आलं असतं, म्हणालं असतं, मास्तर तुम्हीच बघून टाका ना पटकन. आणि मग?" ते थांबले. "म्हणून नक्की ना असं विचारलं. तू हो म्हणालीस. मी तुझ्या हो वर सही केली. तुझं वय सतरा. माझं एकसष्ट. आता दोष कुणाचा ते तूच मोज."

मला रडू आलं. मला वाटत होतं ते माफ करतील किंवा रागावतील. दोन्ही केलं नाही. मास्तरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी हे आधी ऐकलं नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

निघताना मास्तरांनी विचारलं, "त्या माणसाचं काही कळलं?"

मी म्हटलं, नाही.

"मलाही नाही," ते म्हणाले. "विचार करत असतो. कुठला पाय असेल."

१५ एप्रिल

मॅनेजरच्या ऑफिसात गेले. दारावर टकटक करायला मला दहा मिनिटं लागली. सांगितलं. पट्टीचं सांगितलं, अकराचं सांगितलं. दादाचं नाव घेतलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. नोंदवही परत बघा एवढं म्हटलं.

त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "हे बघ, फाईल बंद झाली. गिऱ्हाइकाचं समाधान झालं. म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. आता तू नवीन काढू नकोस. नवा माणूस मिळेपर्यंत आकडा तू सांगायचा, सही मी करीन. जमेल ना?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं की मास्तरांसमोर मान हलवून कधी चाललं नाही, ते म्हणायचे, "आवाज काढ." का, ते आता कळतं. मी म्हटलं, "जमेल."

२ मे

मास्तरांचं स्टूल मी बाजूला केलेलं नाही. भिंगाखाली बघायच्या आधी प्रत्येक बटणाच्या कडेवरून नख फिरवते. माझ्या नखाला अजून काही कळत नाही.

दादा भट्टीवरच आहे. आता तो तासातासाला आकडा बघून लिहितो. डबाही भट्टीपाशीच खातो. पण व्हॉल्व्ह खरंच नीट बसत नाही असं म्हणतो. मॅनेजरला दोनदा सांगितलं, मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

१६ मे

आज सॅम्पल आलं. पट्टी लावली, तार आवळली. अठरा. चार ठिकाणी मोजलं. अठरा, अठरा, सतरा, अठरा.

गाडी फाटकात. तोच ड्रायव्हर, पण आज तो गंमत करत नव्हता. दादा दारात आला. आत बघितलं, आणि माझ्या तोंडावरून त्याला कळलं.

"किती?"

मी सांगितलं.

त्यानं दार लोटून घेतलं. "तीन मायक्रॉन गं. तीन. केसाच्या विसाव्या हिश्शाचं काहीतरी. पंधरा म्हण. एवढी एक भट्टी गेली तर काय होतं? ह्या वेळी भट्टी नापास झाली ना, तर मग व्हॉल्व्ह नाही, मीच दिसणार आहे सगळ्यांना. मागची नोंदवहीसुद्धा काढतील. मी गेलो तर आईचं औषध कोण आणणार, तू?"

"व्हॉल्व्हचं सांग ना त्यांना."

"सांगितलंय. ऐकतंय कोण." आणि मग खालच्या आवाजात, "त्या दिवशी मी आईकडे आलो. तू बोलावलंस म्हणून आलो."

ते खरं आहे. मीच बोलावलं होतं. परत तसं झालं तर परत बोलावीन.

मॅनेजर आला. मनगटाकडे बघत म्हणाला, "हं, किती लिहू?"

दादा माझ्याकडे बघत होता. मायक्रोस्कोपचा दिवा चालू होता. मला पोत्यातला गिअर दिसला, नखावर मोडलेला पापुद्रा दिसला, आणि एक पाय दिसला, उजवा की डावा ते मला माहीत नाही.

"अठरा," मी म्हटलं. खूप मोठ्यानं निघालं. ड्रायव्हरनं बाहेरून वळून बघितलं. "सोडता येणार नाही. व्हॉल्व्ह बदलायला लागेल. आणि फेब्रुवारीतली नोंदवही खोटी आहे."

१७ मे

दादाला घरी बसायला सांगितलंय. चौकशी होईपर्यंत. व्हॉल्व्ह उघडला तर आत खरंच गंजलेला निघाला, पण अठरा तारखेचं त्यानं काही बदलत नाही.

दादा माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवला. आईनं विचारलं, "हा का असा बसलाय?" मी सांगायला लागले आणि तिच्या छातीची घरघर ऐकून थांबले. ती म्हणाली, "भांडलात का? मोठा आहे तो तुझ्याहून. तूच बोल आधी."

बोलूनच तर झालंय हे.

१८ मे

रविवार. मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं, ह्या वहीतून वाचून दाखवलं. सोळा तारखेचं पान मी उभं राहून वाचलं, का कोण जाणे. एकदाही अडकले नाही.

मास्तर शाब्बास वगैरे काही म्हणाले नाहीत.

"पट्टी लावली होतीस?"

"हो."

"दादा काय म्हणाला?"

"काहीच नाही. बोलत नाही."

"हं," ते म्हणाले. "बोलणार नाही. बरेच दिवस." त्यांनी चाचपत थर्मास ओढला. मास्तरीणबाई हल्ली त्यांना स्वतःच्या हातानं करू देतात. दोन कप पुढे घेतले, पहिल्याच्या आत बोट घातलं आणि ओतायला सुरुवात केली. वाफ येत होती. त्या बोटाचं टोक लाल, सोललेलं आहे. ते मी आज पहिल्यांदा नीट बघितलं.

चहा वर चढत होता. बोटाला लागायला अर्धा इंच असेल.

"बस," मी म्हटलं.

ते थांबले.